स्टॅम्पिंग आणि बहिणीचं लग्न, १५ दिवसांच्या एकाच फेरीत जमवू का?

मिरजकर_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय कारण आता डोकं चालेनासं झालंय आणि घरात रोज हाच विषय.

तर मी ह्यूस्टनला स्ट्रक्चरल इंजिनिअर, २०१९ पासून एच१बीवर (नोकरीचा व्हिसा), आय-१४० (ग्रीनकार्डच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर आहे. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का गेल्या ऑगस्टमध्ये संपला. कंपनीने एक्स्टेंशन जुलै २०२५ मध्ये फाइल केलं होतं, ते मंजूर होऊन नवीन आय-७९७ (मंजुरीचा कागद) आलंय २०२८ पर्यंतचं, म्हणजे इथं राहायला, काम करायला काही अडचण नाही, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का पाहिजे, तेच स्टॅम्पिंग. बायको एच४ वर (एच१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), तिचाही शिक्का माझ्याबरोबरच संपलाय. मुलगी ४ वर्षांची, इथं जन्मलेली, तिचा अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (भारतात यायचं आजीवन कार्ड) दोन्ही आहे.

धाकट्या बहिणीचं लग्न ८ मेला मिरजेत ठरलंय. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, त्यामुळे दोन्हीकडच्यांना त्याच्या आतलाच मुहूर्त हवा होता, तारीख पुढे ढकला असं मी म्हणूच शकत नाही. आणि मी तिचा एकुलता एक भाऊ. लाजाहोमात तिच्या ओंजळीत लाह्या घालायला आणि नवरदेवाचा कान पिळायला दुसरं कोण जाणार? आई फोनवर काहीच बोलत नाही, फक्त "तुझं तू बघ बाबा" म्हणते, ते जास्त लागतं. साडेतीन वर्षं झाली मी घरी गेलो नाही.

पहाटे उठून उठून स्लॉट बघत होतो तर तिघांपैकी आम्हा दोघांना मुंबईची २८ एप्रिलची मुलाखतीची तारीख मिळाली, २७ ला बायोमेट्रिक. २५ ला पोचायचं, ११ मेला परतीचं विमान, असा विचार आहे. २०२२ ला गेलो होतो तेव्हा ड्रॉपबॉक्स होतं, म्हणजे मुलाखत नाही, कागद जमा केले, नवव्या दिवशी पासपोर्ट हातात. यावेळी तसं नाही हे वाचून माहितीये. पण पंधरा दिवसांत होतं का हो कुणाचं अजून? आणि सरकारने एच१बीवर लावलेल्या त्या १ लाख डॉलरच्या फीचं काय, परत येताना ती आडवी येईल का? ज्यांनी गेल्या सहा महिन्यांत केलंय त्यांनी कृपया लिहा, जुने अनुभव नकोत असं नाही पण नवीन जास्त उपयोगी पडतील.

---

कोकणी_डॅलस

अरे तू टेक्सासमध्ये आहेस ना, मग मेक्सिकोला जाऊन ये की. माझा मित्र २०२३ ला मॉन्टेरेला गेला होता, चार दिवसांत शिक्का घेऊन परत. आधी तो करून घे आणि मग निवांत लग्नाला जा. किंवा भारतातून येताना टोरांटोमार्गे ये, कॅनडा-मेक्सिकोतून ३० दिवसांच्या आत आलं तर संपलेला शिक्काही चालतो असं ऐकलंय.

---

सिएटलची_वर्षा

कोकणी, तुम्ही मदत म्हणूनच लिहिलंय पण यातलं काही आता चालत नाही, आणि दुसरं तर कुणी खरं धरून चाललं तर विमानतळावर अडकेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेक्सिको, कॅनडा, बँकॉक, फ्रँकफर्ट असं जिथं तारीख मिळेल तिथं जाऊन शिक्का घ्यायची सोय गेल्या सप्टेंबरमध्ये बंद झाली. ६ सप्टेंबर २०२५ पासून नियम असा की ज्या देशाचे नागरिक आहात किंवा जिथं राहता त्याच देशात अर्ज करायचा. आपण राहतो अमेरिकेत, अमेरिकेत शिक्का मिळत नाही, म्हणजे उरला भारत.

३० दिवसांची सवलत खरी आहे, पण ती फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोलाच जाऊन परत येणाऱ्याला, आय-९४ ची (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) मुदत शिल्लक असेल तर. भारतातून टोरांटोमार्गे आलात तर ती लागू होत नाही. आणि त्या फेरीत नव्या व्हिसाचा अर्ज केला तरी ती सवलत जाते. कृपया हे कुणी करू नका.

मिरजकर, १ लाख डॉलरचं आधी सांगते, म्हणजे निदान ती एक झोप तरी लागेल. ती घोषणा २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली आणि ती त्यानंतर दाखल झालेल्या नवीन पिटिशनला (कंपनीने केलेल्या एच१बीच्या अर्जाला) आहे. तुमचं एक्स्टेंशन जुलैत दाखल झालंय, तुम्ही इथंच होतात, त्यामुळे ती तुम्हाला लागत नाही. त्या शनिवार-रविवारी आम्ही सगळ्यांनीच काय पळापळ केली होती ते आठवतंय, माझा दीर पुण्याला जायला निघाला होता तो बॅग घेऊन घरी परत आला. पण नंतर ऑक्टोबरमध्ये खुलासा आला. तरी वकिलाकडून दोन ओळींचा ईमेल घेऊन जवळ ठेवा.

आता मुलाखतीचं. माझं स्टॅम्पिंग नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत झालं. बायोमेट्रिकला अर्धा तास, दुसऱ्या दिवशी मुलाखत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल), वकिलातीत. खिडकीवर जेमतेम तीन मिनिटं: कुठं काम करता, नक्की काय काम करता, पगार किती, किती वर्षं तिथं आहात. माझ्या फाइलमध्ये दोन किलो कागद होते, त्यांनी आय-७९७ सोडून काही मागितलं नाही, पासपोर्ट ठेवून घेतला, सहाव्या दिवशी मिळाला. म्हणजे होतं, होतच नाही असं नाही. पण हे सगळं १५ डिसेंबरच्या आधीचं आहे, आणि तो फरक मोठा आहे, त्याबद्दल इथं ज्याला सोसावं लागलंय त्यानेच लिहिलेलं बरं.

एक मात्र बघा. डीएस-१६० चा (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) जो नंबर टाकून तारीख घेतलीत तोच भरलेला फॉर्म मुलाखतीला न्यायचा. नंतर चूक सापडली म्हणून नवीन फॉर्म भरला आणि तारखेच्या प्रोफाइलमध्ये नंबर बदलायचा राहिला तर दारातूनच परत पाठवतात. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीचं तेच झालं, बिचारी औरंगाबादहून आली होती रात्रीच्या गाडीने.

---

गोदाकाठ

वर्षाताईंनी सोडलेला धागा मी उचलतो. मी हे नाशिकमधून लिहितोय. रात्रीचे पावणेतीन वाजलेत, मीटिंग आत्ता संपली.

मी न्यू जर्सीला असतो. डिसेंबरमध्ये वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आलो, म्हटलं तीन आठवडे सुट्टी आहे, स्टॅम्पिंगही उरकू. १८ डिसेंबरची मुलाखत होती. विमानात बसलो तेव्हा ती तारीख पक्की होती. इथं उतरल्यावर चार दिवसांनी मेल आली की मुलाखत रद्द, नवीन तारीख मार्चअखेर. कारण १५ डिसेंबरपासून एच१बी आणि एच४ च्या प्रत्येक अर्जदाराचं सोशल मीडिया तपासायचं ठरलं, त्यामुळे दिवसाला कमी मुलाखती घेणार, म्हणून हजारो लोकांच्या तारखा एकदम पुढे गेल्या. चूक कुणाची हे मला आता बोलायचंच नाहीये, मी फक्त काय होतं ते सांगतो.

कंपनीने पहिले ३० दिवस भारतातून काम करायला दिलं. मग एचआरने सांगितलं की त्यापुढे टॅक्सचा आणि पेरोलचा प्रश्न येतो, वरून परवानगी आणावी लागेल. ती आणायला मॅनेजरने जीव टाकला म्हणून आणखी ६० दिवस मिळाले. त्यानंतर बिनपगारी रजा. माझ्याच बरोबर आलेल्या एकाला पहिल्या दिवसापासून बिनपगारी, कारण त्याच्या क्लायंटचा डेटा देशाबाहेर उघडायलाच परवानगी नाही. हा प्रश्न तुम्ही विमानात बसायच्या आधी विचारा, तोंडी नको, ईमेलवर. मी विचारला नव्हता.

आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून काम करतो. संध्याकाळी साडेसातला सुरू, पहाटे चारला बंद. दूधवाला येतो तेव्हा मी झोपायला जातो. वडिलांना वाटतं पोरगा घरी आहे म्हणून बरंय, आणि ते खरंही आहे, त्यांना वॉकरवरून काठीवर येताना मी रोज बघितलं, ते एरवी बघायला मिळालं नसतं. पण तिकडे अपार्टमेंटचं भाडं चालू, गाडी पार्किंगमध्ये, बायको दोन मुलांना घेऊन एकटी बर्फ उपसतेय.

तुम्हाला माझं कळकळीचं सांगणं एवढंच की "पंधरा दिवसांत होईल का" हा प्रश्नच बाजूला ठेवा. होईलही. पण प्रश्न असा विचारा की नाही झालं आणि चार महिने मिरजेत राहावं लागलं, तर घर चालेल का, नोकरी राहील का. याचं उत्तर हो असेल तर खुशाल जा, बहिणीचं लग्न परत येत नाही. उत्तर नाही असेल तर मग तुम्ही एकट्याने ठरवू नका, बायकोबरोबर बसा, एकदा कागदावर आकडे मांडा.

आणि २८ एप्रिल ही तारीख निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत रोज तपासा. विमानात बसायच्या आधी ती पुढे गेली तर निदान निर्णय तुमच्या हातात राहतो.

---

जुना_एडिसनकर

गोदाकाठ, वाचून वाईट वाटलं. वडिलांना नमस्कार सांगा.

मी १९९८ ला आलो. तेव्हा हे प्रकरण असं नव्हतं हे नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. एच१बीचा शिक्का नूतनीकरण करायला देशाबाहेर जावं लागत नसे, आम्ही पासपोर्ट, फॉर्म आणि चेक पाकिटात घालून सेंट लुईसला पोस्टाने पाठवायचो, काही आठवड्यांनी शिक्का मारून पाकीट परत दारात. मी दोनदा केलंय. जुलै २००४ मध्ये ते बंद केलं, कारण व्हिसासाठी बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि ते पोस्टाने कसे घेणार.

मग वीस वर्षांनी जानेवारी २०२४ मध्ये परत एक प्रयोग केला होता, २०,००० लोकांपुरता, इथल्या इथं नूतनीकरण. माझ्या भाच्याचं त्यात झालं. सगळ्यांना वाटलं आता हे कायमचं होईल, पण पुढे सरकलं नाही. ठसे तर आता सगळ्यांचे आधीच घेतलेले असतात, मग माणसाला १३,००० किलोमीटर कशाला धाडायचं? हे मला मनापासून पटत नाही. एका शिक्क्यासाठी माणसं आईबापाच्या आजारपणाला जायला घाबरतात, ही गोष्ट साधी नाही. माझे वडील गेले तेव्हा मी ग्रीनकार्डवर होतो म्हणून दुसऱ्या दिवशी निघू शकलो. माझ्या शेजारचा मुलगा नाही जाऊ शकला गेल्या वर्षी, त्याने व्हिडिओ कॉलवर अंत्यदर्शन घेतलं.

---

ओवी

मी एच४ च्या बाजूने लिहिते, कारण तो भाग कायम राहून जातो.

मिरजकर दादा, तुम्ही तिघं जायचं म्हणताय, पण बायकोला तिथं शिक्का घ्यायलाच पाहिजे का? ती इथं राहिली तर तिचं एच४ स्टेटस तसंच चालू राहतं, शिक्का संपला म्हणून काही बिघडत नाही, फक्त ती बाहेर जाऊ शकत नाही. तिघं गेलात आणि अडकलात तर घर पूर्ण बंद. तुम्ही एकटे अडकलात तर निदान घर, मुलीची शाळा, गाडी, सगळं जागेवर. अर्थात तुमची नोकरी टिकली पाहिजे, कारण तिचं स्टेटस तुमच्यावर आहे, म्हणून गोदाकाठ दादांनी सांगितलेली ती ईमेल सगळ्यात आधी.

आणखी एक, २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट जवळजवळ सगळ्यांचीच गेली, १४ वर्षांखालच्या मुलांचीसुद्धा. तुमची मुलगी अमेरिकन आहे म्हणून तुम्हाला तो प्रश्न नाही, पण आमचा मोठा तिकडे जन्मलेला, त्याला आठव्या वर्षी खिडकीसमोर उभं राहायला लागेल. दोघांचे फॉर्म वेगळे, फी वेगळी, प्रत्येकी २०५ डॉलर.

मला माहितीये की नणंदेच्या लग्नाला वहिनी नाही म्हणजे काय वाटतं ते. मी माझ्या भावाच्या लग्नाला गेले नाही, हळदीचा कार्यक्रम फोनवर बघितला, कुणीतरी फोन पाटावर टेकवून ठेवला होता आणि मला अर्धा वेळ फक्त चौरंगाचा पाय दिसत होता. खूप रडले. तरी परत विचारलं तर मी तोच निर्णय घेईन, कारण तेव्हा धाकटा पाच महिन्यांचा होता.

---

सिएटलची_वर्षा

ओवीला +१००.

गोदाकाठ, तुमचं मार्चमध्ये होईलच, आम्ही सगळे वाट बघतोय, झाल्यावर इथं एक ओळ नक्की टाका.

मिरजकर, अजून काही आठवलं ते लिहिते. कॅलेंडर बघितलंत का? २८ एप्रिल मंगळवार आहे, १ मे शुक्रवार, महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवार. म्हणजे मुलाखतीनंतर ८ मेपर्यंत तुम्हाला कामाचे दिवस फार कमी उरतात, आणि ११ ला विमान. सगळं पहिल्या फटक्यात मंजूर झालं तरी पासपोर्ट ११ च्या आधी हातात येईल असं मी धरणार नाही. तिकीट बदलता येणारं घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

सोशल मीडियाचं, सगळी खाती पब्लिक करायला सांगतात. डीएस-१६० मध्ये गेल्या ५ वर्षांतली सगळी खाती लिहायची असतात, बंद केलेलीसुद्धा आठवून लिहा. आता घाईने काही डिलीट करत बसू नका, जे आहे ते आहे. लिंक्डइनवर जे पद लिहिलंय आणि पिटिशनमध्ये जे लिहिलंय ते जुळतंय का तेवढं बघा, माझ्या ओळखीच्या एकाला तेच विचारलं.

आणि समजा खिडकीवर रंगीत चिठ्ठी दिली, २२१जी ची, तर घाबरून जाऊ नका. कधी त्यात कागद मागतात, कधी नुसतं पुढची तपासणी चालू आहे म्हणतात. नंतर वेबसाइटवर नंबर टाकलात की स्टेटसमध्ये "रिफ्यूज्ड" असा शब्द दिसतो, तो बघून माझ्या मावसभावाच्या पायाखालची जमीन सरकली होती. पण २२१जी मध्ये तपासणी चालू असली तरी तोच शब्द दाखवतात, त्याचा अर्थ कायमचा नकार असा नाही. त्याचं सात आठवड्यांनी मंजूर झालं.

पासपोर्ट कधी संपतोय तेही बघा. परत येताना आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतात, आय-७९७ २०२८ पर्यंत असलं तरी. संपत आला असेल तर आधी इथं नवीन करून घ्या. आणि आल्याबरोबर आय-९४ वेबसाइटवर उघडून तारीख वाचा.

---

मिरजकर_ह्यूस्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण तुम्ही सांगितलेलं एकेक करत होतो.

मॅनेजरला ईमेल टाकली. आमच्याकडे ४५ दिवस भारतातून काम करता येईल असं लेखी आलं, त्यापुढे माझ्या शिल्लक रजा धरून अजून तीन आठवडे. पण माझ्या दोन प्रोजेक्टच्या ड्रॉइंगवर सही करणारा दुसरा माणूस शोधायला लागणार, ते काम या आठवड्यात सुरू केलंय. पासपोर्ट बघितला तर तो २०२७ च्या फेब्रुवारीत संपतोय, वर्षाताई, हे तुम्ही बोलला नसता तर माझ्या लक्षातच आलं नसतं. नूतनीकरणाचा अर्ज कालच केला.

काल रात्री आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. भाडं, गाडीचा हप्ता, शाळा, मिरजेला लग्नाचा माझा वाटा, सगळं मांडलं. चार महिने पगार नाही असं धरलं तर बचतीतून निघतात, पाचवा निघत नाही. शेवटी असं ठरलं की मी एकटा जाणार, ती आणि मुलगी इथंच. तिची मुलाखत आज रद्द केली. हे ती स्वतःहून म्हणाली, मी म्हणालो नाही. मुलीसाठी आत्याने करवलीचं परकर-पोलकं शिवून ठेवलंय, हिरव्या खणाचं, त्याचा फोटो आईने आठवड्यापूर्वीच पाठवला होता. ते मी येताना घेऊन येईन.

बहिणीला फोन करून सांगितलं. आधी गप्प झाली, मग म्हणाली, दादा तू येतोयस ना, तू ये.

आता एक छोटा प्रश्न. २७ आणि २८ दोन दिवस मुंबईत लागणार. बीकेसीच्या आसपासची हॉटेलं फार महाग आहेत. सकाळी आठची वेळ आहे. मिरजेहून आलो तर आदल्या रात्री कुठं उतरणं सोयीचं? आणि मोबाईल आत नेता येत नाही म्हणतात तर तो कुठं ठेवायचा?

---

कोकणी_डॅलस

आधी चुकीचं लिहिलं त्याबद्दल माफ कर रे, मित्राचं ऐकून लिहिलं होतं. वर्षाताई, थँक्स.

माझे आईवडील कुर्ला पूर्वेला नेहरूनगरला राहतात, दोघंच असतात, एक खोली रिकामी आहे. तू २६ च्या रात्रीच ये. तिथून सकाळी रिक्षाने बीकेसी जवळ आहे, आणि रिक्षा नाही मिळाली तरी बाबा स्कूटरवर सोडतील, ते ऐकणार नाहीत. आता मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशनही झालंय पण आमच्याकडून त्याचा उपयोग नाही. मोबाईल घरीच ठेव, बाहेर पिशव्या सांभाळणारे लोक असतात पण कशाला. फक्त पासपोर्ट, जुना पासपोर्ट शिक्क्यासकट, आय-७९७ ची मूळ प्रत, डीएस-१६० चं कन्फर्मेशन, तारखेचा कागद आणि तीन महिन्यांच्या पे-स्लिपा असं पारदर्शक फोल्डरमध्ये घे. आईचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो. तुला कांदा चालतो का ते तिला आधी सांग, पहाटे सहाला पोहे तयार ठेवेल.

---

मिरजकर_ह्यूस्टन

चालतो. व्यनि मिळाला, काकूंना आत्ताच फोन करतो, तिकडे सकाळचे साडेसात वाजलेत.